चार वर्षांची आत्याआजी

पोरं जगत नसली की पुढच्या पोराला टाकाऊ नाव ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिरडा. सटवाईला, नजरेला, ज्या कुणाला पोरं उचलून न्यायची चटक लागली असेल त्याला वाटावं, इथे नेण्यासारखं काही नाही. माझ्या आजोबांचं नाव याच पंगतीतलं. पुढे ते विकास सोसायटीचे चेअरमन झाले, यात्रा कमिटीत बसले, नावापुढे 'आण्णा' लागलं आणि मानापानात नावामागची भीती पार बुजून गेली. आजोबा जन्मायच्या आधी त्या घरातून कोण गेलं होतं, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

विचारायची वेळ आली ती एका दाखल्यामुळे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, विट्यापासून फार लांब नाही. विटा, खानापूर, आटपाडी हा सगळा पट्टा गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा, आणि त्यासाठी इथली माणसं देशभरच्या सराफ कट्ट्यांवर पसरलेली. माळावर पिकलं तर पिकलं, म्हणून घराबाहेर पडली ती तिकडचीच झाली. माझा चुलतभाऊ त्यातलाच. दुकान तामिळनाडूत, शेत इथे, आणि पोराला प्रवेश हवा महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात. २०२३ साली मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि जुन्या कुणबी नोंदींसाठी तहसील कचेऱ्यांमधले वर्षानुवर्षं न सुटलेले दप्तराचे रुमाल सुटायला लागले. भावाने दुकान कारागिरावर टाकलं आणि विट्यात मुक्काम ठोकला.

कुणबी म्हणून मिळणाऱ्या ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो बापाकडच्या रक्ताच्या नात्यातला. आजोबांचा शाळेचा उतारा निघाला, त्यावर 'मराठा'. त्यांच्या धाकट्या भावाचा निघाला, त्यावरही 'मराठा'. जमिनीच्या कागदांत जात लिहिलेलीच नव्हती. भाऊ कंटाळून परतीचं तिकीट काढायच्या बेतात होता, तेवढ्यात एका दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, सापडली!"

"काय सापडलं?"

"नोंद. कुणबी म्हणून स्वच्छ लिवलंय. आपल्या आण्णांचा थोरला भाऊ दिसतोय. लहानपणीच गेलेला."

आण्णांना थोरला भाऊ होता, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी साताऱ्यात राहते. दुसऱ्या दिवशी एसटी धरून विट्याला गेले. दाखल्याशी माझा काही संबंध नव्हता. मुलं मार्गी लागली आहेत. पण आजोबांच्या आधी कुणीतरी होतं, एवढं ऐकल्यावर घरात बसवेना.

हा जो कागद असतो त्याला सरकारी भाषेत गाव नमुना १४ म्हणतात, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. गावातल्या जन्ममृत्यूची वही. इंग्रजी अमदानीत ती ठेवली जायची ती साथ कुठवर आली, माणसं किती गेली, याचा आकडा वर कळवायला. घरात कुणी जन्मलं किंवा गेलं की वतनदार महार ती खबर चावडीवर पोचवायचा आणि कुलकर्णी बोरूने मोडीत एक ओळ लिहायचा. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, पुरुष की स्त्री, वय, मरणाचं कारण. आडनावाला रकाना नाही. पानाच्या माथ्यावर 'जिल्हा सातारा'. ते बरोबरच आहे. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला १९४९ साली आणि त्याचं सांगली हे नाव झालं १९६० साली. त्याआधी आमची सगळी माणसं सातारा जिल्ह्यातच जन्मली आणि सातारा जिल्ह्यातच मेली.

रजिस्टर समोर आलं तेव्हा आधी वास आला, कसरीने खाल्लेल्या कागदाचा. कडा पापडासारख्या तुटत होत्या. शाई तपकिरी पडलेली, पण अक्षर ठसठशीत. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग हात न उचलता लिहीत जातात. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. आम्हाला वाचून देणारे एक निवृत्त तलाठी होते. २०२३ पर्यंत त्यांना कुणी विचारत नव्हतं, आता त्यांच्याकडे नंबर लावावा लागत होता. त्यांनी ओळीवर पट्टी ठेवली आणि बाजारभाव वाचावेत तशा आवाजात वाचलं. नाव. बाप अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा. जात कुणबी. वय ४. कारण ताप. ऑक्टोबर १९१८.

मग पट्टी थोडी सरकवून म्हणाले, "आणि भाऊ कुठला? ही मुलगी आहे. रकाना बघा. स्त्री."

भावाचा गोंधळ होणं साहजिक होतं. तिचं नाव नदीचं आहे, आणि आमच्याकडे ते नाव मुलग्यालाही ठेवतात, मुलीलाही. नाव मी इथे लिहीत नाही, कारण प्रकरण जात पडताळणी समितीपुढे आहे आणि भावाने बजावलंय की कुठे काही छापू नकोस. पण एवढं सांगते की ज्या नदीचं ते नाव, ती आमच्या गावावरून वाहत नाही. आमच्या माळावरून ती दिसतही नाही. शंभर वर्षांपूर्वी त्या नदीचं दर्शन म्हणजे कऱ्हाडपर्यंतची पायपीट किंवा बैलगाडी. आता टेंभू योजनेने तेच पाणी उपसून खानापूर-आटपाडीपर्यंत आणलंय, आमच्या पट्टीत त्यावर ऊस उभा आहे. दुष्काळी गावात लेकीला नदीचं नाव ठेवणारी माझी पणजी कशी असेल, याचा विचार मी तिथे त्या लाकडी बाकावर बसून पहिल्यांदा केला.

ऑक्टोबर १९१८ म्हणजे मानमोडी. जुनी माणसं हाच शब्द वापरायची. पुस्तकात त्याला इन्फ्लुएंझाची साथ म्हणतात. महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, उन्हाळा संपता संपता ती मुंबईच्या बंदरात उतरली. पहिली लाट त्या मानाने हलकी गेली. दुसरी सप्टेंबरात आली आणि तिने मुंबई झोपवली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात एकट्या मुंबईत ७६८ माणसं मेल्याची नोंद आहे. तिथून ती आगगाडीने निघाली. मुंबईच्या गिरण्यांत आपल्याकडची माणसं किती होती हे सातारा-सांगलीकरांना सांगायला नको. गिरणगावात माणसं पटापट मरायला लागली की राहिलेली गावाकडेच पळणार. पुण्यावरून मिरजेकडे जाणारी गाडी, कऱ्हाडला नाहीतर किर्लोस्करवाडीला उतरायचं, तिथून पायी. बरोबर बोचकं आणि छातीत ताप.

त्या साली पाऊसही गेलेला. खरीप हातचं गेलं, ज्वारी महाग झाली, आणि अर्धपोटी घरांत साथ शिरली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. देशाचा आकडा सव्वा कोटीपासून पुढे सांगतात. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच झालंय.

पण आकड्यांनी मला काही झालं नाही. झालं ते त्या रजिस्टरची पानं उलटताना. तलाठीकाकांनी आधीचे महिने दाखवले. जूनमध्ये गावात मोजकी मरणं. एक म्हातारी, एक बाळंतीण, एक साप चावलेला. जुलै-ऑगस्टही तसेच. सप्टेंबरच्या शेवटी ओळी जवळजवळ यायला लागतात. ऑक्टोबर पानामागून पान चालतो. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. पुढे कुलकर्ण्याने तोही लिहायचा सोडलाय, नुसती खूण. मानमोडी की हिवताप, हे ठरवायला चावडीवर डॉक्टर थोडाच होता. मिरजेला वॉनलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होतं, पण आमच्या गावाला ते कुठल्या कुठे. आणि मग एका पानाच्या मध्यावर अक्षर बदलतं. वरचं ठसठशीत, वळणदार. खालचं बारीक आणि घाईचं. महिनाअखेरीपर्यंत दुसऱ्याच हाताने लिहिलंय. पहिला कुलकर्णी आजारी पडला की मेला, ते तलाठीकाकांना विचारलं. ते म्हणाले, "त्याची नोंद असेल तर त्याच्या गावाला असेल."

आमची पोर वरच्या हातातली, शेवटून तिसरी. आणि इथेच भावाचं नशीब. त्याच पानावर, खालच्या हाताने लिहिलेली, आमच्याच भावकीतली आणखी दोन मरणं आहेत आणि त्यांच्यापुढे जात 'मराठा'. आठवड्याचंही अंतर नाही. हात बदलला तशी जात बदलली. कोर्टकचेरीत ज्या शब्दावरून आज एवढं रण माजलंय तो त्या दिवशी लिहिणाऱ्याच्या सवयीचा भाग होता. मी कुणाची बाजू घेऊन हे म्हणत नाही. पानावर जे आहे ते सांगते.

भावाला वाटलं, काम झालं. झालं नव्हतं. ही पोर आमचीच कशावरून, हे कोण सांगणार? आडनाव नाही. बापाचं नाव आणि आजाचं नाव आमच्या पणजोबांशी जुळतं, पण तीच जोडी गावात आणखी एका माणसाची होती, दुसऱ्या भावकीत. आज्याचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे पाच-सहा नावंच गावभर फिरत राहतात. समितीचं दक्षता पथक गावात येऊन पहिला प्रश्न हाच विचारणार होतं.

म्हणजे चार वर्षांच्या एका पोरीचे आईबाप शोधायचे, तिच्या मरणानंतर शंभराहून जास्त वर्षांनी.

घरात विचारून पाहिलं. आजोबांच्या पिढीतलं कुणी उरलेलं नाही. वडिलांच्या पिढीत सगळ्यांत थोरली आत्या, ऐंशी ओलांडलेली, डोक्याने तल्लख. तिला सांगितलं तर ती आधी हसली.

"आगं, मानमोडीत गेल्याली मान्सं मोजायची तर घरटी मोजावी लागतील. माजी आजी म्हनायची, सरपान पुरं न्हवतं म्हनून. पर पोरगीचं काय बोलल्याचं आठवत न्हाय बाई."

मग मी तिला दुसरं विचारलं. आमच्या घरात नवरात्र चालत नाही. भावकीत सगळ्यांकडे घट बसतात, आमच्याकडे नाहीत. का, तर चालत नाही. याच्यापुढे उत्तर नसतं. खेड्यात हे असतंच. ऐन सणात घरातलं कुणी गेलं की तो सण त्या घराला बंद होतो, आणि पुढे कधीतरी त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली तरच पुन्हा सुरू होतो. नोंदीतली तारीख ऐन नवरात्रातली होती. मी जरा उत्साहाने म्हटलं, आत्या, हिच्यामुळेच असेल.

आत्याने माझ्याकडे बघितलं. "पोरीसाठी कोन सन मोडतंय?"

त्यावर मला बोलता येईना. खरंच, कोण मोडतंय. त्याच पानावरच्या भावकीतल्या दोन मरणांपैकी एक कर्ता पुरुष होता, त्याचंही असेल. पण मग बाकीच्या भावकीने नवरात्र का नाही बंद केलं? एकाच घरात का बंद पडलं, पणजीच्याच घरात? घट बसवायचं काम बाईचं. तिने एका वर्षी नाही बसवले, पुढच्या वर्षी नाही बसवले, आणि विचारलं तेव्हा 'चालत नाही' म्हणाली, असंही होऊ शकतं. हा माझा तर्क. समितीपुढे हा पुरावा म्हणून चालणार नव्हता, म्हणून भावाला मी तो सांगितलाही नाही.

चालला तो वेगळाच कागद. तलाठीकाकांनीच सुचवलं, दुसऱ्या भावकीतल्या त्या सारख्या नावाच्या माणसाचे फेरफार, म्हणजे जमिनीवर नाव बदलल्याच्या नोंदी, काढा. गाव नमुना ६, हक्काचं पत्रक. तिथे १९१६ सालची वारसाची नोंद निघाली. बाप मयत, जमिनीला मुलाचं नाव लागलं, आणि नावापुढे 'अ.पा.क. आई'. ज्यांनी कधी जुना सातबारा हाताळलाय त्यांना ही अक्षरं पाठ असतात: अज्ञान पालनकर्ता. मुलगा सज्ञान नाही, म्हणून त्याच्या वतीने आई. वयही लिहिलेलं, नऊ. दोन वर्षांनी, १९१८ साली, हा बाप्या अकरा वर्षांचा. त्याला चार वर्षांची मुलगी कुठून असणार! सारख्या नावाचा तेवढा एकच होता. तो गळला आणि पोर आमच्या दाराशी आली.

भावाने तलाठीकाकांना पेढे दिले. मी ते पान मोबाइलवर मोठं करून बघत राहिले. आमच्या घराने तिला ठेवलं नव्हतं. श्राद्ध तिचं नसतं. म्हाळाला पान वाढताना आम्ही ज्यांची नावं घेतो त्यांत एवढ्या लहान पोरीला जागा नाही. देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक आहेत, ते पुरुषांचे. जमिनीला तिचं नाव लागायचा प्रश्नच नव्हता. फोटो तर आमच्या घरात १९५० च्या पुढचेच. तिला ठेवलं ते चावडीपर्यंत खबर घेऊन गेलेल्या महाराने. त्या ऑक्टोबरात तो दिवसातून किती वेळा चावडीवर गेला असेल, आणि त्याच्या घरात त्या दिवशी काय चाललं असेल, देव जाणे. रजिस्टरमध्ये महारवाड्यातल्याही नोंदी आहेत, त्याच पानांत, तशाच जवळजवळ.

साताऱ्याला परतल्यावर संगम माहुलीला गेले होते, एका ओळखीच्यांच्या दहाव्याला. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर राजघराण्यातल्या समाध्या आहेत आणि साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कुत्र्याचं दगडी स्मारकही. खंड्या त्याचं नाव. वाघापासून महाराजांना वाचवलं अशी कथा सांगतात. कुत्र्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, इमानी जनावर होतं. पण त्या दिवशी तिथे उभं राहून हिशेब मनात आलाच. कुणाचं काय ठेवायचं हे ज्याच्या हातात दगड आणि कारागीर असतो तो ठरवतो. आमच्याकडे दगड होता, माळ भरून होता.

हेळव्याचं सांगायचं राहिलं. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हेळवी माहीत असतील. कर्नाटकातून येतात, बैल घेऊन, आता काही जण टेम्पोनेही. घराण्याची वंशावळ त्यांच्याकडे वह्यांत असते, वाचून दाखवतात, नवे जन्म लिहून घेतात, धान्य-कपडा-पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. अमुक गावावरून तमुक काळी आलात, मूळ पुरुष हा, त्याला पुत्र इतके. लहानपणी मला ते फार आवडायचं. हेळवी खणखणीत सुरात वाचायचा आणि आजोबा मान डोलवायचे. आमचा हेळवी सुगी झाली की येतो. यंदा आला तेव्हा मी मुद्दाम गावी गेले होते. त्याने आमचं पान काढलं. पणजोबांचं नाव. 'त्यांस पुत्र दोन.' आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ.

मी विचारलं, "आणि मुली?"

"लेकी आम्ही लिवत न्हाय अक्का. लेक नांदायला गेली की तिकडच्या हेळव्याच्या वहीत सून म्हणून येती."

"आणि नांदायला जायच्या आधीच गेली तर?"

त्याने वही मांडीवर ठेवली. मला वाटतं हा प्रश्न त्याला कधी कुणी विचारला नव्हता. "मग कुठंच न्हाय," असं म्हणाला. फार सरळ म्हणाला.

आता दाखल्याची गंमत अशी की नुसती नोंद देऊन भागत नाही. नोंदीतला माणूस आणि अर्जदार यांचं नातं दाखवणारी वंशावळ लागते, प्रतिज्ञापत्रावर, घरातल्या वडीलधाऱ्याच्या सहीने. पोरीच्या नोंदीवर दाखला हवा तर पोरीला वंशावळीत घालणं भाग. पणजोबांच्या चौकोनाखाली तीन रेघा आल्या. डावीकडे पहिला चौकोन तिचा, कारण ती थोरली. मग आजोबा, मग त्यांचे भाऊ.

यावर घरात बैठक बसली. थोरले चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वय अठ्ठ्याहत्तर, सही त्यांची लागणार होती. ते खुर्चीत गप्प. बोलले धाकटे चुलते.

"एकीला घातली की बाकीच्या इचारत्याल, आमी कुटं हाय?"

मुद्दा बिनतोड होता आणि भीतीही खरी होती. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू लेकीचा वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, हे आता खेड्यातही सगळ्यांना कळलंय. आमच्याकडे आत्यांनी कधीच्या काळी हक्कसोड करून दिलेत, पण वंशावळीच्या कागदावर नावं दिसायला लागली की कुणाच्या डोक्यात काय येईल, असं काकांना वाटत होतं. आधीच्या सगळ्या वंशावळी, वारसाच्या असोत की सोसायटीच्या कर्जाच्या, मुलींना गाळून काढलेल्या. भावाला तर काहीही करून कागद हवा होता. तो म्हणाला, मयत आत्याआजी तेवढी दाखवू, बाकी जसं आहे तसं.

टायपिस्टने नकार दिला. तहसील कचेरीच्या समोर दुकान आहे त्याचं, दिवसाला असल्या वंशावळी किती काढतो त्यालाच ठाऊक. म्हणाला, "एका पिढीत मुलगी दाखवायची आणि पुढच्या पिढीत एकही नाही, हे पथकाच्या डोळ्यावर येतं. विचारतात, बाकीच्या कुठे गेल्या? खोटी वंशावळ म्हणून प्रकरण लटकतं. घाला तर सगळ्या घाला."

आत्या हे ऐकून कितीतरी वेळ हसत होती. काकांना मात्र हसू आलं नाही. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मग पोराच्या प्रवेशाची तारीख जवळ आली आणि त्यांनीच फोन करून आत्यांच्या जन्मतारखा विचारायला सुरुवात केली. आजोबांच्या चार मुली. धाकट्या आजोबांच्या तीन, त्यांतली एक बाळंतपणात गेलेली, जिचं नाव मला पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कळलं. आम्ही चुलत बहिणी. कुणाचं लग्नाआधीचं नाव काय, कुणाचं शाळेतलं वेगळं आणि घरातलं वेगळं, यावर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती धमाल. गेल्या कित्येक वर्षांत त्या ग्रुपवर शुभ सकाळपलीकडे काही आलं नव्हतं.

टायपिस्ट म्हणाला, एवढे चौकोन उभ्या कागदात बसत नाहीत, आडवा घेतो. आडव्यातही बसेनात, तेव्हा दोन पानं केली आणि पैसे दोन पानांचे लावले. भावाने मुकाट दिले.

सहीच्या दिवशी आप्पा कागदावर बोट ठेवून एकेक चौकोन वाचत होते. पहिल्या चौकोनावर थांबले. नाव, कंसात 'मयत, वय ४'.

"ही कोन आमची?"

"आण्णांची थोरली भैन. म्हंजे तुमची आत्या."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आप्पांनी चार वर्षांच्या आत्याचं नाव पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. मग खाली सरकत गेले. दुसरं पान संपलं तेव्हा चष्मा काढून म्हणाले, "आपल्यात एवड्या पोरी व्हत्या व्हय?"

कुणी उत्तर दिलं नाही. सही झाली. भाऊ कागद फाइलला लावायला निघाला, तर आप्पांनी टायपिस्टला सांगितलं, "एक परत जादा काढ रं. सुगीला हेळवी आला म्हंजी त्याला द्यायची. त्याच्या वहीत न्हाय ह्या."